शाळेपूर्वीचे आणि शाळेनंतरचे तास : बालकेंद्रातील सांभाळाची कसोटी

विहार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, पौर्णिमेची वंदना आणि १४ एप्रिलची लगबग उभी राहते. परंतु आमच्या वस्तीतील विहाराचे कुलूप रोज सकाळी सर्वांत आधी निघते ते वंदनेसाठी नव्हे. दप्तर पाठीला लावून, डोळे चोळीत येणाऱ्या मुलांसाठी ते निघते. यांपैकी कोणाची आई साडेसहालाच पालिकेच्या हजेरी चौकीवर पोहोचलेली असते, कोणाची चार घरची धुणीभांडी करायला गेलेली असते, तर कोणाचे वडील पहिल्या पाळीला गेलेले असतात. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वाजता किंवा त्यानंतर भरवावेत असा निर्णय घेतला. मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यामागील हेतू योग्यच आहे. पण सहाला घर सोडणाऱ्या आईपुढे प्रश्न उभा राहतो की, सहा ते नऊ मुलाने कोठे राहावे? आणि शाळा सुटल्यावर दिवेलागणीपर्यंत तरी त्याने कोठे जावे?

या प्रश्नाचे उत्तर म्हणून ठिकठिकाणच्या विहारांतून, समाजमंदिरांतून बालकेंद्रे चालविली जातात. कोठे त्यांना संस्कार वर्ग म्हणतात, कोठे अभ्यासिका, तर कोठे नुसतेच "ताईंचा वर्ग". केंद्र सुरू करणे हे कौतुकाचे काम आहे यात शंका नाही. परंतु ते सुरू झाले म्हणजे मुलांचा सांभाळ झालाच, असे आपण गृहीत धरतो. आमचाही तसाच समज होता. तो कसा दूर झाला आणि चांगला सांभाळ कोणत्या कसोट्यांवर पारखावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. एका सायंकाळची गोष्ट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. सायंकाळी सात वाजता मुले घरी गेली. आम्ही पंखे-दिवे बंद केले, कुलूप लावले आणि किल्ली नेहमीच्या जागी ठेवली. साडेसातला दुसरीतील एका मुलीची आई धावत आली. "ताई, माझी पोर कुठाय?" आम्ही सहज सांगितले, शेजारच्या मुलांबरोबर गेली असेल. शेजारची मुले म्हणाली, ती आमच्याबरोबर नव्हती. मग शोधाशोध सुरू झाली. नाका पाहिला, दुकाने पाहिली, मैत्रिणींची घरे पाहिली. पाऊण तासाने कोणीतरी म्हणाले, एकदा विहार उघडून बघा.

मुलगी आतच होती. व्यासपीठामागे घड्या घालून ठेवलेल्या सतरंज्यांवर ती झोपली होती. अंग तापाने फणफणले होते. आईने तिला उचलून घेतले. ती आम्हांला रागावली नाही. जाताना एवढेच म्हणाली, "मी पोरीला खोलीत नव्हती ठेवली, तुमच्यापाशी ठेवली होती."

त्या रात्री आम्ही हजेरीची वही उघडून पाहिली. त्या दिवशीची नोंद अशी होती : पटावर ३४, हजर ३१, सर्व सुरळीत. नोंदीत एकही आकडा चुकलेला नव्हता, आणि तरीही ती नोंद खोटी होती. मुले आली हे आम्ही लिहीत होतो, पण गेली केव्हा आणि कोणाबरोबर हे लिहीत नव्हतो. मुलगी दुपारपासून मलूल होती, खाऊच्या वेळी तिने वाटी बाजूला सारली होती, हे तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला ठाऊक होते. आम्हांला नव्हते.

आठ दिवसांनी ती आई मुलीला घेऊन परत आली. आम्हांला बरे वाटले, पण ते समाधान टिकले नाही. ती आमच्यावरील विश्वासाने आली होती की दुसरी सोय नाही म्हणून आली होती? ज्याच्या हाती पैसा आहे त्याला एक पाळणाघर पसंत पडले नाही तर दुसरे शोधता येते. आपल्या वस्तीतील आईला ते शक्य नसते. ती तक्रार करीत नाही, कारण केंद्र बंद पडले तर मूल घरी एकटे राहील ही तिला भीती असते. म्हणून पालकांची तक्रार नाही हा आपल्या केंद्राच्या दर्जाचा पुरावा होऊ शकत नाही. दर्जा आपला आपणच तपासला पाहिजे.

२. तासांचा हिशेब

बालकेंद्र म्हणजे शाळेच्या आधीचा व नंतरचा फावला वेळ, असे पुष्कळांना वाटते. थोडा हिशेब करून पाहू. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापन तास सांगितले आहेत. आता आपले केंद्र सकाळी सात ते साडेआठ आणि सायंकाळी चार ते सात असे चालते असे धरा. म्हणजे दिवसाला साडेचार तास झाले. शाळेचे तेच २०० दिवस धरले तरी ९०० तास होतात. शाळेने मुलाला किमान जेवढा वेळ शिकवावे असे कायदा म्हणतो, त्याहून अधिक वेळ ते मूल आपल्यापाशी असते.

शिवाय हे तास साधे नसतात. सकाळी मूल अर्धवट झोपेत, कधी उपाशी असते. सायंकाळी ते दमलेले, भुकेलेले आणि शाळेत घडलेले काहीबाही मनात घेऊन आलेले असते. शिक्षकांचे बोलणे, मित्राशी भांडण, परीक्षेतील अपयश या गोष्टी मूल प्रथम ज्याच्यापाशी बोलेल ते माणूस त्या वेळी घरी नसते. ते माणूस म्हणजे आपण असतो, किंवा कोणीच नसते.

३. चर्नी रोडच्या बागेतील विद्यार्थी

शाळा सुटल्यानंतरच्या तासांचे मोल आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असताना त्यांचे कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते. त्याच खोलीत स्वयंपाक, झोपणे आणि अभ्यास. सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपवीत, स्वतः दोन वाजेपर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासाला उठवून आपण झोपत, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे.

शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचीत बसत. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी येत असत. रोज एका जागी वाचीत बसणारा हा मुलगा त्यांनी पाहिला, त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके वाचायला दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या सत्कार समारंभात केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून शिष्यवृत्ती मिळण्यासाठीही तेच मध्ये पडले.

केळुसकर गुरुजींनी केंद्र काढले नव्हते, त्यांच्याजवळ इमारत नव्हती, अनुदान नव्हते. त्यांनी चार गोष्टी केल्या. मुलाकडे लक्ष दिले, त्याला विचारले, त्याला हवे ते दिले आणि पुढेही त्याची वाट सोडली नाही. पाहणे, विचारणे, देणे आणि पाठपुरावा करणे हीच सांभाळाची चार अंगे होत. आज आपल्या केंद्रांतून देणे चालू असते. वह्या देतो, कंपासपेटी देतो, त्याचे छायाचित्रही काढतो. पाहणे आणि विचारणे मात्र राहून जाते.

याच्या उलट अनुभवही बाबासाहेबांनी लिहून ठेवला आहे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना इतरांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे, आणि ते गोणपाट रोज परत न्यावे लागे. नळाला त्यांनी हात लावायचा नाही. शिपायाने नळ उघडला तर पाणी, शिपाई नसेल तर तहान. आपल्या केंद्रात शिरल्यावर प्रथम पाण्याची जागा पाहावी असे आम्ही म्हणतो ते यासाठीच. माठ पहिलीतल्या मुलाच्या हाताला येतो का? पाणी पिण्यासाठी मुलाला परवानगी मागावी लागते का? ज्यांची वर्गणी थकली आहे त्या मुलांची नावे फळ्यावर लिहिली जातात का? इतर समाजाची मुले आपल्याकडे येतात, ती सतरंजीच्या कडेला बसतात की मध्ये? गोणपाट आता गेले आहे. परंतु मुलाला कडेला बसविण्याच्या पुष्कळ रीती अजून शिल्लक आहेत, आणि त्या आपल्याही हातून घडू शकतात.

४. विनयातील पाच कसोट्या

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणण्यास सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. मग त्यांनी भिक्खूंना एकत्र बोलावून समजावले की, तुम्हांला येथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? त्याच ठिकाणी त्यांनी शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी असावयाचे पाच गुण सांगितले. हे गुण आजाऱ्याच्या सेवेसाठी सांगितलेले असले, तरी आईबाप जवळ नसलेल्या मुलांच्या सांभाळालाही ते तंतोतंत लागू पडतात. एकेक क्रमाने पाहू.

पहिला गुण, औषध तयार करता येणे. म्हणजे कसब. नुसती माया पुरत नाही. केंद्रातील प्रत्येक ताई-दादाला प्रथमोपचार आला पाहिजे. जखम स्वच्छ पाण्याने धुऊन दाबून धरावी. भाजल्यास वाहत्या थंड पाण्याखाली धरावे, वर टूथपेस्ट वा शाई लावू नये. फिट आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, तोंडात काही घालू नये, कांदा वा चप्पल हुंगवू नये. ताप हाताने न पाहता तापमापकाने पाहावा व वहीत लिहावा. कोणत्या मुलाला दमा आहे, कोणाला कशाची अॅलर्जी आहे, कोणाचा चश्मा हरवला आहे, याची यादी भिंतीवर न लावता ताईंच्या वहीत असावी. माणसे किती असावीत हाही कसबाचाच भाग आहे. कायद्याने प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. परंतु तो बाकावर बसलेल्या वर्गासाठी आहे. खेळणाऱ्या, खाणाऱ्या, रुसणाऱ्या मुलांसाठी ते प्रमाण अपुरे आहे. आम्ही आता बारा मुलांमागे एक मोठे माणूस असे ठरविले आहे आणि तेवढी माणसे नसतील तर नवीन नाव घेत नाही. मुलाला नाही म्हणणे जड जाते. पण ३४ मुलांमागे एक ताई ठेवून सर्वांना घेणे म्हणजे सांभाळ नव्हे.

दुसरा गुण, हितकर काय व अहितकर काय हे जाणणे, हितकर जवळ आणणे व अहितकर दूर ठेवणे. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीच्या गरीब शेतकऱ्याची कथा आहे. त्याचा बैल हरवला होता. बैल शोधून तो उपाशीपोटी धम्म ऐकायला आला. तथागत तोवर थांबून राहिले, आधी त्याला जेवू घातले आणि मग देशना केली. आमच्या केंद्रात मात्र पुष्कळ वर्षे चार वाजता वंदना, सव्वाचारला गृहपाठ आणि साडेपाचला खाऊ असा क्रम होता. सरकारी शाळांतून दुपारचे जेवण मिळते. १९९५ साली सुरू झालेल्या या योजनेला २०२१ पासून पीएम पोषण असे नाव आहे. पण दुपारचे ते जेवण चार वाजेपर्यंत जिरून गेलेले असते. आता आम्ही मुले येताच हातपाय धुवायला लावून खाऊ देतो. चुरमुरे-शेंगदाणे, मटकीची उसळ, केळे, गूळ-पोळी यांपैकी काहीतरी असते. नंतर अर्धा तास खेळ आणि मग अभ्यास. गृहपाठावरून होणारी रडारड यामुळे बरीच कमी झाली. मुले आळशी नव्हती, भुकेली होती.

याच संदर्भात एक गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, आणि तुला एक तास बसवत नाही?" हे वाक्य आपल्या केंद्रांतून रोज ऐकू येते. बाबासाहेबांचे नाव मुलाला धाक घालण्यासाठी वापरू नये. अशाने दमलेल्या मुलाच्या मनात अभ्यासाविषयी प्रेम उत्पन्न होत नाही आणि बाबासाहेबांविषयीही होत नाही.

तिसरा गुण, सेवा लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने करणे. याचा सोयीस्कर अर्थ असा लावला जातो की ताईंनी पैशाची अपेक्षा करू नये. हा अर्थ चुकीचा आहे. सिगालोवाद सुत्तात मालकाने कामकऱ्याशी कसे वागावे हेही सांगितले आहे. शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, वेळच्या वेळी रजा द्यावी. मैत्रीभाव ताईंकडून अपेक्षिताना मानधनाचा हिशेब मंडळाने चोख ठेवला पाहिजे. जयंतीच्या मंडपावर आणि ध्वनिक्षेपकावर खर्च होतो, पण ताईंचे तीन महिन्यांचे मानधन थकते, ही स्थिती आपल्याला नवी नाही. मानधन थकले की ताई बदलतात. ताई बदलल्या की मुलाने ज्याच्याशी बोलायला नुकती सुरुवात केली होती ते माणूस निघून जाते. मूल पुन्हा दाराशी बसू लागते. पैशाचा हा प्रश्न थेट मुलापर्यंत पोहोचतो, म्हणून तो दर्जाचा प्रश्न आहे.

चौथा गुण, मलमूत्र, थुंकी, ओकारी यांची किळस न बाळगणे. लहान मूल कपड्यात घाण करते, ओकते. त्याच्या डोक्यात उवा होतात, नाक वाहते. त्या क्षणी ताईंच्या चेहऱ्यावर जे उमटते ते मूल वर्षानुवर्षे विसरत नाही. इतर मुलांदेखत नाक मुरडले तर त्या मुलाचे केंद्रात येणे संपले असे समजावे. परंतु येथे दुसराही प्रश्न आहे. केंद्राची मोरी आणि संडास कोण साफ करते? आम्ही प्रामाणिकपणे शोध घेतला तेव्हा दिसले की, अध्यक्ष, सचिव, शिकवणारे दादा यांपैकी कोणी ते काम कधी केले नव्हते. वस्तीतील सर्वांत गरजू विधवा बाईंकडे ते आपोआप गेले होते. ज्या समाजाने जन्माने लादलेले घाणकाम नाकारले, त्याच समाजाच्या विहारात त्या कामाची अशी वाटणी व्हावी ही खेदाची गोष्ट होती. आता पाळी लावली आहे आणि पाळीच्या यादीत पहिले नाव अध्यक्षांचे आहे. मुले हे पाहतात. समतेचा तो धडा फळ्यावर लिहावा लागत नाही.

पाचवा गुण, वेळोवेळी धम्मकथेने समोरच्याला उभारी देणे. वेळोवेळी हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. रोज अर्धा तास उपदेश असा त्याचा अर्थ नाही. मुलाचे मन ज्या क्षणी खचले असेल त्या क्षणी त्याच्याशी नीट बोलणे ही खरी धम्मकथा होय. एका मुलाला वाचता येत नव्हते म्हणून एका कार्यकर्त्याने सर्वांसमोर त्याचा कान पिरगाळला. मूल रडले नाही, पण दुसऱ्या दिवसापासून आले नाही. नंतर कळले की त्याला फळ्यावरचे दिसतच नव्हते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. केंद्र ही शाळा नव्हे असा युक्तिवाद न करता तोच नियम आपण स्वतःला लावून घ्यावा. पंचशीलातील पहिले शील मुलाच्या कानालाही लागू आहे.

५. येणे आणि जाणे

आता आमच्या चुकीकडे परत येऊ. मुलाच्या दिवसातील सर्वांत नाजूक क्षण दोन असतात. एक, ते एका माणसाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते तेव्हाचा. दुसरा, परत देण्याचा. शाळा आणि घर यांच्या मध्ये असलेल्या केंद्रात असे क्षण दिवसातून चार वेळा येतात.

राहुलाला प्रव्रज्या दिली गेली तेव्हा शुद्धोदनाला अतिशय दुःख झाले. आपल्याला झालेले दुःख दुसऱ्या आईबापांना होऊ नये म्हणून त्याने तथागतांकडे विनंती केली, आणि तथागतांनी ती मान्य करून आईबापांच्या अनुमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम घातला. मुलाविषयीचा निर्णय कितीही चांगल्या हेतूने घेतलेला असो, आईबापांना विचारूनच घ्यावा, हा विनय आपण पाळला पाहिजे. म्हणून आमच्या वहीत आता चार रकाने आहेत. मूल केव्हा आले, कोणी आणले, केव्हा गेले, कोणाबरोबर गेले. मुलाला न्यायला कोण येऊ शकते त्यांची नावे पालकांनी सहीनिशी किंवा अंगठ्यानिशी दिलेली असतात. ओळखीचा असला तरी यादीबाहेरच्या माणसाबरोबर मूल पाठवीत नाही. सकाळी मुले शाळेत पोहोचविणारा दादा शाळेच्या दारात मुले मोजतो. शाळेतून येणारे मूल सव्वाचारपर्यंत आले नाही तर पालकांना फोन जातो. आणि कुलूप लावण्यापूर्वी दोन माणसे मिळून संडास, व्यासपीठामागची जागा, सतरंज्या, जिना सगळे पाहतात. या सगळ्याला रोज दहा मिनिटे लागतात.

मूल परत देताना आईला एक वाक्य सांगण्याचा नियमही आम्ही केला आहे. "आज त्याने भात पुरा खाल्ला नाही", "आज तिने पाढा स्वतःहून म्हटला", एवढेही पुरे. दिवसभर राबून आलेल्या आईला त्या वाक्यावरून कळते की तिच्या मुलाकडे कोणाचे तरी लक्ष होते.

६. मुलांचे रक्षण आणि कायदा

सिगालोवाद सुत्तात आचार्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांतील शेवटचे, शिष्याचे सर्व दिशांनी रक्षण करणे हे आहे. शिकवणे आणि राखणे ही दोन वेगळी खाती नाहीत.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा पॉक्सो कायदा २०१२ साली झाला. मुलावर असा अत्याचार झाल्याचे किंवा होण्याचा धोका असल्याचे ज्याला कळेल त्याने पोलिसांना कळविले पाहिजे, असे त्याचे कलम १९ सांगते. न कळविणे हा गुन्हा आहे. "समाजाची बदनामी होईल", "मंडळाचे नाव खराब होईल", "आपण आपसात मिटवू" ही वाक्ये बोलणारा मुलाचे नव्हे तर मंडळाचे रक्षण करीत असतो. केंद्रात एक मोठे माणूस आणि एक मूल बंद दाराआड राहणार नाही, पाहुणे मुलांना एकटे भेटणार नाहीत, मुलांची छायाचित्रे पालकांना विचारल्यावाचून काढली वा पाठविली जाणार नाहीत, हे नियम लेखी असावेत आणि ते अध्यक्षांनाही लागू असावेत. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आज देशभर चालते. २०२३ पासून ती शासकीय यंत्रणेकडे आली आहे. तो आकडा मुलांच्या उंचीवर, मोठ्या अक्षरांत लिहावा. तो मुलांसाठी आहे.

७. दर्जा कसा तपासावा?

आपल्याकडे केंद्राची तपासणी म्हणजे पाहुण्यांची भेट. मुले पांढऱ्या कपड्यांत रांगेत बसतात, त्रिसरण-पंचशील म्हणतात, एक मुलगी भाषण करते, टाळ्या होतात. यातून मुलांचे पाठांतर कळते, सांभाळ कळत नाही. त्यासाठी आम्ही दोन साधे उपाय सुचवितो.

पहिला, मंडळाच्या एका सभासदाने महिन्यातून एकदा, न कळविता, चार ते सात कोपऱ्यात गप्प बसावे व पाहावे. कोणत्या मुलाशी तीन तासांत कोणीच बोलले नाही? कोणाचे नाव फक्त रागावण्यासाठी घेतले गेले? दाराशी कोण बसले आहे, आणि ते रोज तेथेच बसते का?

दुसरा उपाय वहीचा. ताईंनी रोज तीन मुलांविषयी एकेक ओळ लिहावी. पटावर ३४ मुले असतील तर कामाच्या बारा दिवसांत प्रत्येकाची पाळी येते. एखाद्या मुलाविषयी लिहायला काहीच सुचले नाही तर ती ओळ कोरी ठेवावी. आमच्या वहीत पहिल्या फेरीत नऊ ओळी कोऱ्या राहिल्या. ती नऊ मुले दंगा करणारी नव्हती, हुशारही नव्हती. ती गप्प बसत, म्हणून चांगली समजली जात. तापाने फणफणलेली ती मुलगी अशीच गप्प बसणारी होती.

राहुलोवाद सुत्तात तथागतांनी लहान राहुलाला आरशाची उपमा देऊन सांगितले की, कोणतेही कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर त्याचा स्वतःला वा दुसऱ्याला त्रास होतो का हे पाहावे. हा उपदेश एका मुलाला केलेला आहे. पण मुले सांभाळणाऱ्या आपण मोठ्यांनी तो रोज केंद्र उघडताना, चालविताना आणि बंद करताना आचरणात आणण्यासारखा आहे.

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि सभेने पुढच्याच वर्षी, १९२५ साली, सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. मुलगा शिकावयाचा असेल तर शाळेबाहेरच्या तासांत त्याला राहायला जागा, खायला अन्न आणि पाहायला माणूस लागतो, हे त्यांनी जाणले होते. आपली बालकेंद्रे त्याच वाटेवरची आहेत. ती आहेत हे पुरेसे नाही, ती चांगली असली पाहिजेत. आपल्या वस्तीतील आईला दुसरीकडे जाण्याची सोय असती तरीही तिने मूल आपल्याचपाशी ठेवले असते, असे केंद्र उभे करणे हे आपले काम आहे.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. आपल्या केंद्रातील मुले कोणाबरोबर घरी जातात याची नोंद कोठे आहे? ती आज कोणी पाहिली?
२. मुलांना आधी खाऊ मिळतो की आधी अभ्यास? हा क्रम कोणाच्या सोयीने ठरला?
३. केंद्रातील मोरी-संडासाची स्वच्छता कोण करते? ते काम त्यांच्याकडे कसे गेले?
४. ताईंचे मानधन कोणत्या महिन्यापर्यंत दिले गेले आहे?
५. आपल्या केंद्रातील सर्वांत गप्प बसणाऱ्या मुलाचे नाव सांगा. त्याच्याविषयी तीन वाक्ये लिहा. लिहिता येत नसतील तर उद्या त्याच्याशेजारी बसा.

जय भीम.